रिफर्बिश्ड घ्यावे, पण तपासून: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रिफर्बिश्ड फोन, लॅपटॉप आणि इतर उपकरणे ऑनलाइन मागवण्याबद्दल वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तपासण्या घरच्या घरी, वस्तू न उघडता करता येतील अशाच सांगितल्या आहेत.

प्रश्न: 'रिफर्बिश्ड', 'रिन्यूड', 'ओपन बॉक्स', 'प्री-ओन्ड' असे शब्द दिसतात आणि त्यापुढे 'ग्रेड ए', 'ग्रेड बी' लिहिलेले असते. यात फरक काय? 'ग्रेड ए' घेतले म्हणजे निर्धास्त राहावे का?

उत्तर: नाही. ग्रेड बहुतेक ठिकाणी फक्त वरच्या रूपाला दिलेला असतो: ओरखडे किती, पोचे आहेत का, काचेवर चरे दिसतात का. आतली बॅटरी किती थकली आहे, स्क्रीन मूळची आहे की बदललेली, हे त्या एका अक्षरातून कळत नाही. शिवाय सगळ्या विक्रेत्यांना बांधून ठेवणारे ग्रेडचे एकच प्रमाण नाही. एकाचा 'बी' दुसऱ्याकडे 'ए' म्हणून विकला जातो.

'ओपन बॉक्स' म्हणजे सहसा खोका उघडून, थोडीफार हाताळून परत आलेली वस्तू. 'प्री-ओन्ड' किंवा 'युज्ड' म्हणजे वापरलेली, आहे त्या स्थितीतली. 'रिफर्बिश्ड' म्हणजे तपासून, साफ करून, गरज पडल्यास भाग बदलून पुन्हा विक्रीला काढलेली, आणि 'रिन्यूड' हे त्याचेच विक्रीतले दुसरे नाव. खरी गोम 'गरज पडल्यास' या शब्दांत आहे. बॅटरीची क्षमता मूळच्या ८१ टक्क्यांवर आली असताना एक विक्रेता ती बदलतो, दुसरा 'चालते आहे की' म्हणून तशीच ठेवतो. दोघांनाही आपली वस्तू रिफर्बिश्ड म्हणता येते.

म्हणून आधी पाहायचे ते काम कुणी केले आहे. उत्पादक कंपनीने स्वतः केले असेल तर मूळ सुट्या भागांची खात्री अधिक. उदाहरणार्थ, ॲपल स्वतः विकते त्या रिफर्बिश्ड आयफोनला नवी बॅटरी आणि नवे बाहेरचे आवरण असते, वॉरंटीही एक वर्षाची मिळते. इतर विक्रेत्याकडून घेताना चार गोष्टी पैसे भरण्याआधी विचाराव्यात. बॅटरी बदलली आहे का, नसेल तर किमान किती टक्के क्षमतेची हमी? स्क्रीन मूळची का? परतीची मुदत किती दिवस आणि परत पाठवण्याचा खर्च कुणाचा? आणि वॉरंटीत बॅटरी धरली आहे का? हा शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. 'सहा महिने वॉरंटी' असे मोठ्या अक्षरांत लिहून खाली बारीक अक्षरांत बॅटरी, चार्जर आणि स्क्रीन वगळलेली आढळते. ही विचारपूस फोनवर करू नका. ज्या संकेतस्थळावरून खरेदी करणार आहात तिथल्याच संदेशपेटीत करा, म्हणजे उत्तर लेखी राहते.

आमचे मत असे की झाकणावर चार ओरखडे असलेली 'बी' ग्रेडची वस्तू बहुतेकांना जास्त परवडते. त्यातून वाचलेले पैसे नव्या बॅटरीसाठी किंवा जास्त मुदतीच्या वॉरंटीसाठी वापरावेत. ओरखड्याने काम अडत नाही, थकलेल्या बॅटरीने रोज अडते.

प्रश्न: दोन-तीन वर्षे जुना फोन मागवला आहे. हातात आल्यावर कोणत्या क्रमाने काय तपासावे?

उत्तर: क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही दोष असे असतात की ते सापडले तर पुढचे तपासायची गरजच उरत नाही. परतीच्या मुदतीचा पहिला दिवस पूर्णपणे तपासणीसाठी ठेवा. तोवर आपले फोटो, बँकेची ॲप, संपर्क काहीही त्यात घालू नका, स्क्रीनगार्डही लावू नका.

सर्वांत आधी लॉक. फोन सुरू करून वायफायला जोडा. अँड्रॉइड फोनने 'या फोनवर पूर्वी वापरलेले खाते टाका' असे विचारले तर तो आधीच्या मालकाच्या गूगल खात्याला बांधलेला आहे. अँड्रॉइड ५.१पासून ही चोरीविरोधी सोय आहे. आयफोनवर 'ॲक्टिव्हेशन लॉक' असे येते. विक्रेता 'पासवर्ड पाठवतो' म्हणाला तरी नको म्हणा. मूळ मालकाने खाते काढलेच पाहिजे. फोन आधीच सुरू करून, पुढचे टप्पे पार करून पाठवला असेल तर स्वतः फॅक्टरी रीसेट करा आणि पुन्हा इंटरनेटला जोडून पाहा. लॉक तेव्हाच उघडे पडते.

मग आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. डायल पॅडवर *#०६# दाबले की १५ आकडी क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनला असे दोन. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. चोरीचे किंवा बंद केलेले फोन तपासण्याची अधिकृत सोय आपल्या भागात असेल तिथे हा क्रमांक टाकून पाहा. एक धोका लक्षात ठेवा: फोन आज स्वच्छ असून पुढे काळ्या यादीत जाऊ शकतो, कारण हप्ते थकल्याची किंवा चोरीची तक्रार कधीकधी उशिरा नोंदली जाते. 'पुढे बंद झाल्यास पैसे परत' हे वाक्य म्हणूनच लेखी घ्यावे.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे अबाउट उघडा. मॉडेल नंबरचे पहिले अक्षर बोलके असते: एम म्हणजे नवा म्हणून विकलेला, एफ म्हणजे ॲपलने रिफर्बिश केलेला, एन म्हणजे बदली म्हणून दिलेला, पी म्हणजे नाव कोरून घेतलेला. त्याच पानावर, आयओएस १५.२पासून पुढे, भाग बदललेला असेल तर 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' दिसते. तिथे 'अननोन पार्ट' असेल तर तो भाग मूळचा नाही किंवा फोनशी नीट जोडून घेतलेला नाही.

आता स्क्रीन. मूळ ओएलईडी पडद्याच्या जागी स्वस्त एलसीडी बसवणे ही सर्रास चालणारी लबाडी आहे आणि ती ओळखायला एक मिनिट पुरते. खोलीत अंधार करा, पूर्ण काळे चित्र पूर्ण पडद्यावर उघडा आणि उजेड कमालीचा वाढवा. ओएलईडीवर काळे म्हणजे अगदी काळे, पडदा बंद असल्यासारखे. एलसीडीवर काळ्यातूनही राखाडी उजेड झिरपतो, कडांना जास्त. नंतर पांढरे, लाल, हिरवे, निळे, शेवटी फिकट राखाडी चित्र ठेवा. राखाडीवर जुन्या ॲपच्या पट्ट्यांचे किंवा कीबोर्डचे भुताटकीसारखे ठसे दिसले तर पडदा जळलेला आहे आणि ते ठसे जात नाहीत. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#०*# दाबले की रंग, स्पर्श, सेन्सर यांच्या चाचण्या एकाच ठिकाणी मिळतात. इतर फोनांत होम स्क्रीनवरचे एखादे चिन्ह बोटाने धरून साऱ्या पडद्यावरून हळूहळू फिरवा. ते जिथे निसटते तिथे स्पर्श मेलेला आहे.

राहिलेल्या गोष्टी पटापट होतात. एकदा फोन कॉल, एकदा व्हिडिओ आणि एकदा नुसता आवाज रेकॉर्ड करा, कारण फोनला एकापेक्षा जास्त माईक असतात आणि प्रत्येक कामाला वेगळा वापरला जातो. कॉल चालू असताना कानाशी नेल्यावर पडदा विझतो का ते पाहा. सगळे कॅमेरे, झूम, फ्लॅश, बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख, जीपीएस, दोन्ही सिम. यूएसबी-सी केबल एकदा सरळ, एकदा उलटी लावून दोन्ही वेळा चार्ज होते का ते बघा. एकाच बाजूने होत असेल तर त्या खाचेतल्या पिना गेल्या आहेत. सिमचा ट्रे काढून टॉर्चने आत पाहा. पुष्कळ फोनांत तिथे पाणी लागल्याची खूण असते, ती पांढरी असायला हवी. लाल किंवा गुलाबी असेल तर फोन भिजलेला आहे, आज कितीही चांगला चालत असला तरी परत करा. आतल्या जोडांवर चढणारा गंज पुढच्या काही महिन्यांत दिसतो.

आणि रिफर्बिश्ड फोन पाण्यात टिकेल असे धरून चालू नका. एकदा उघडलेल्या फोनची चिकट सील पुन्हा तशीच बसली आहे हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न: चार वर्षे जुन्या फोनमध्ये 'बॅटरी हेल्थ १०० टक्के' दिसते आहे. ही चांगली गोष्ट की शंकेची?

उत्तर: दोन्ही असू शकते. चार वर्षे वापरलेली मूळ बॅटरी १०० टक्क्यांवर राहत नाही, म्हणजे बॅटरी बदललेली आहे किंवा आकडा बदललेला आहे. पहिल्या शक्यतेत पुन्हा दोन प्रकार येतात, मूळ कंपनीची बॅटरी किंवा बाहेरची. बाहेरची बॅटरी चांगलीही असते, पण तिची खरी क्षमता छापल्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या शक्यतेत जुन्याच सेलवरच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत नवे आकडे भरलेले असतात. फोन ती पट्टी सांगेल तेच दाखवतो.

त्यामुळे आकड्याला वापराची जोड द्यावी. फोन १०० टक्के चार्ज करा, उजेड अर्ध्यावर ठेवा, वायफायवर सलग व्हिडिओ लावा आणि दर अर्ध्या तासाला टक्के लिहून ठेवा. निरोगी बॅटरी जवळपास सारख्या गतीने उतरते. ४० वरून एकदम २२वर उडी, २० टक्के असताना फोन बंद, किंवा पहिला तासभर आकडा हलतच नाही आणि मग धडाधड कोसळतो, असे झाले तर वर लिहिलेल्या १०० टक्क्यांना अर्थ नाही. कॅमेरा उघडून फ्लॅश मारल्यावर फोन बंद पडणे हीही थकलेल्या सेलची जुनी खूण: अचानक जास्त विजेची मागणी आली की त्याचे व्होल्टेज बसते.

आयफोन १५ आणि पुढच्या फोनांत चार्जिंगच्या फेऱ्यांची संख्या आणि बॅटरी तयार झाल्याचा महिना दिसतो. तो फोनच्या वयाशी ताडून पाहा. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि आधीच्या फोनांची बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर, तर १५ पासूनची १,००० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता टिकवण्याच्या हिशेबाने बनवलेली असते, तीही आदर्श परिस्थितीत.

लॅपटॉपवर हे काम सोपे आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे टाइप करा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शोधा. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर बॅटरी ७६ टक्क्यांवर आहे. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि फेऱ्या शून्य असतील तर वर सांगितलेली उतरण्याची चाचणी इथेही करा.

प्रश्न: कंपन्यांनी वापरून काढलेला लॅपटॉप घेतला. दोन महिने उत्तम चालला. परवा रीसेट केल्यावर एका अनोळखी कंपनीचे नाव येते आहे आणि तिथल्या ईमेलने लॉगिन करा म्हणते आहे. विंडोज नव्याने टाकूनही तेच. आता काय करावे?

उत्तर: तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस नाही आणि विंडोजही बिघडलेले नाही. मूळ कंपनीने हे यंत्र आपल्या नावावर मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत (संस्थांना आपली यंत्रे दुरून सांभाळता यावीत यासाठीची सोय) नोंदवले होते आणि विकताना ती नोंद काढली नाही. नोंद डिस्कवर नसते. यंत्राच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेवलेली असते, म्हणून डिस्क पुसून किंवा बदलून ती जात नाही. विक्रेत्याने पहिल्यांदा विंडोज टाकताना इंटरनेट तोडून ठेवले असणार, त्यामुळे दोन महिने काही कळले नाही. तुम्हालाही इंटरनेट तोडून पुन्हा तसे करता येईल, पण पुढच्या रीसेटला तोच पडदा समोर उभा राहील.

कायमचा उपाय एकच: त्या कंपनीच्या आयटी विभागाने नोंद काढून टाकणे. विक्रेत्याला यंत्राचा सिरियल नंबर आणि पडद्याचा फोटो पाठवा आणि ठरावीक मुदतीत नोंद काढून द्या किंवा पैसे परत करा असे लेखी कळवा. मोठ्या प्रमाणात जुने संगणक उचलणाऱ्या विक्रेत्याकडे मूळ कंपनीचा संपर्क असतो, त्यामुळे हे काम त्याला अशक्य नाही. तुम्ही स्वतः त्या कंपनीला लिहू शकता. बिल सोबत जोडा, म्हणजे यंत्र चोरीचे नसून तुम्ही रीतसर घेतले आहे हे दिसेल.

ज्यांनी अजून घेतला नाही त्यांच्यासाठी: कंपन्यांतून आलेल्या लॅपटॉपची बांधणी चांगली असते, सुटे भाग मिळतात, म्हणून तो घेण्यासारखाच असतो. फक्त आल्या दिवशी, इंटरनेट जोडलेले ठेवून, पूर्ण रीसेट करा. विंडोजवर कंपनीचे नाव येते का ते तेव्हाच दिसेल. मॅकवर हेच 'रिमोट मॅनेजमेंट' या नावाने येते आणि क्रोमबुकवर 'एंटरप्राइझ एनरोलमेंट' म्हणून. विक्रेत्याने सगळे आधीच 'तयार करून' पाठवले असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका.

त्यानंतर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. यंत्र सुरू होताना एफ२, एफ१, एफ१० किंवा डिलीट दाबून हे पान उघडते, कोणती कळ ते कंपनीवर अवलंबून. तिथे पासवर्ड मागितला तर यंत्र परत करा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी काढली की पासवर्ड उडत असे. आजच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि अधिकृत दुरुस्ती म्हणजे पुष्कळदा मदरबोर्डच बदलणे, जे यंत्राच्या किमतीला परवडत नाही. बायॉस उघडले तर सुरक्षेच्या पानावर 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' शोधा. ते 'ॲक्टिव्हेटेड' असेल तर जुन्या मालकाला हा लॅपटॉप दुरूनही गोठवता येतो. 'डिसेबल्ड' असेल तर हरकत नाही.

प्रश्न: मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. 'आय-७, १६ जीबी' अशी जाहिरात आहे आणि किंमत फारच कमी आहे. किती जुने यंत्र चालेल?

उत्तर: या जाहिरातीत नसलेली माहिती जास्त महत्त्वाची आहे. 'आय-७' हे नुसते घराण्याचे नाव झाले, पिढी पुढच्या आकड्यांत असते. ८३५० म्हणजे आठवी पिढी, ७३०० म्हणजे सातवी, ११३५ म्हणजे अकरावी, २६२० म्हणजे दुसरी. दुसऱ्या पिढीच्या आय-७पेक्षा आठव्या पिढीचा आय-५ सगळ्या बाबतींत बरा. पूर्ण मॉडेल क्रमांक लिहिलेला नसेल तर विचारा, आणि सांगत नसतील तर पुढे जा.

आठव्या पिढीची रेघ ओढण्याला दोन कारणे आहेत. विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, दोनचार अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. सोबत टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रावर खटपट करून ११ टाकलेले असते आणि यादीत अभिमानाने 'विंडोज ११' लिहिलेले असते. अशा यंत्राला पुढचे मोठे अपडेट मिळेल याची खात्री नाही. दुसरे कारण वेगाचे. पातळ लॅपटॉपमधला सातव्या पिढीचा आय-५ दोन कोअरचा होता, आठव्या पिढीत तो चार कोअरचा झाला. हा फरक रोजच्या वापरात जाणवतो. एएमडीचे प्रोसेसर असतील तर नेमके मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा. मालिकेच्या आकड्यावरून तिथे फसगत होते.

रॅम आठ जीबीपेक्षा कमी नको, आणि ती वाढवता येते का हे आधी पाहा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये, तसेच एम१पासून पुढच्या सर्व मॅकबुकमध्ये, रॅम पक्की बसवलेली असते. घेतली तेवढीच आयुष्यभर. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी ही वेगवान साठवण हवीच.

चार्जर कोणता येणार तेही विचारा. कमी वॅटचा किंवा यंत्राला न ओळखता येणारा चार्जर आला की काही लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम उतरवतात. लोक यंत्राला मंद म्हणत राहतात आणि दोष चार्जरचा असतो. मूळ चार्जरवर किती वॅट लिहिलेले असते ते मॉडेलच्या माहितीत मिळते, तेवढा किंवा जास्त हवा.

यंत्र आले की प्रत्येक कळ दाबून पाहा, बिजागर अर्ध्या कोनात सोडून झाकण स्वतःहून पडते का बघा, आणि लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललेला किंवा दाबायला कडक वाटत असेल तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. शेवटी अर्धा तास जड काम द्या, म्हणजे बरेच टॅब आणि व्हिडिओ एकत्र. पंखा किंचाळू लागला किंवा यंत्र अचानक बंद पडले तर आतली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) कुणी हात लावून पाहिलेली नाही.

क्रोमबुक आणि फोन घेताना अपडेट कधीपर्यंत मिळणार ही तारीख वयापेक्षा महत्त्वाची. ती मॉडेल पहिल्यांदा बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४पासूनच्या मुख्य मालिकांना सात वर्षे जाहीर झाली आहेत. २०२४च्या जानेवारीत आलेला एस२४ तुम्ही तीन वर्षांनी घेतलात तर हातात चार उरतात. क्रोमबुकची तारीख त्याच्याच सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली दिसते.

प्रश्न: विक्रेत्याने 'ओरिजिनल विंडोज ॲक्टिव्हेटेड' म्हणून दिले होते. सहा महिन्यांनी ॲक्टिव्हेट करा असा संदेश येऊ लागला. असे का?

उत्तर: सहा महिने हाच धागा आहे. मोठ्या संस्थांसाठीच्या केएमएस पद्धतीचे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क झाला की वाढते. तुमचे यंत्र त्या सर्व्हरपर्यंत जात नाही, म्हणून मुदत संपली. अशी फसवणूक पहिल्याच दिवशी पकडता येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, एक जागा, तिरकी रेघ आणि जोडून एक्सपीआर ही इंग्रजी अक्षरे टाइप करा. 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' आले तर ठीक, 'विल एक्स्पायर ऑन' आणि तारीख आली तर विक्रेत्याला तिथेच धरा. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपचा स्वतःचा परवाना मदरबोर्डमध्येच साठवलेला असतो. त्या आवृत्तीचे विंडोज, म्हणजे होम असेल तर होम, नव्याने टाकले की ते आपोआप ॲक्टिव्हेट होते. आधी हे करून पाहा, कदाचित पैसे खर्चावेच लागणार नाहीत.

प्रश्न: रिफर्बिश्ड हार्ड डिस्क घ्यावी का? 'शून्य तास वापर' असे लिहिलेले खरे मानावे का?

उत्तर: दुसरी प्रत म्हणून घ्यावी, एकमेव प्रत ठेवायला नाही. आणि शून्य तास खरे मानू नये. डिस्क स्वतःच्या वापराची नोंद स्मार्ट नावाच्या तक्त्यात ठेवते आणि तो तक्ता पुसता येतो. २०२५च्या सुरुवातीला हे उघडपणे समोर आले: सर्व्हरमध्ये हजारो तास फिरलेल्या सीगेटच्या डिस्क स्मार्टचे आकडे शून्यावर आणून बाजारात नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. फार्म नावाच्या दुसऱ्या, आतल्या नोंदीत खरे तास तसेच राहिले होते, त्यावरून त्या पकडल्या गेल्या. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या ७.४ किंवा नंतरच्या आवृत्तीने ही नोंद वाचता येते. दोन्ही ठिकाणचे तास जुळले पाहिजेत.

इतर डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा स्मार्ट तक्ता दाखवणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. वर्षभर अखंड चालली तर ८,७६० तास होतात, त्या मापाने आकडा वाचा. तासांपेक्षाही क्रमांक ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. निकामी झालेले, निकामी होऊ घातलेले आणि वाचताच न आलेले भाग तिथे मोजलेले असतात आणि तिन्ही ठिकाणी शून्यच हवे. सी७ वाढलेला असेल तर घाबरू नका, दोष बहुधा केबलचा असतो. यानंतर संपूर्ण डिस्क एकदा भरून वाचून काढा. मोठ्या डिस्कला एक-दोन दिवस लागतील, ते लागू द्या. भरून झाल्यावर ०५ आणि सी५ पुन्हा पाहा. एकनेही वाढले तर परत.

एसएसडीत फिरणारे काही नसते, तिथे लेखनाची झीज मोजतात. त्याच प्रोग्रॅममध्ये आरोग्याचे टक्के आणि आतापर्यंत लिहिलेला डेटा दिसतो. तो त्या मॉडेलच्या छापील लेखनमर्यादेशी ताडून बघा.

प्रश्न: रिफर्बिश्ड वायरलेस इअरबड्स?

उत्तर: घेऊ नका. बोटाच्या पेराएवढी बॅटरी, ती बदलण्याची सोय जवळजवळ नाही, दोन कानांतल्या दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या थकलेल्या, आणि जाळीत दुसऱ्याच्या कानाचा मळ. डोक्यावर घालायचे मोठे हेडफोन मात्र चालतात. त्यांच्या गाद्या नव्या मिळतात आणि त्या आल्याबरोबर बदलाव्यात.

प्रश्न: वस्तू सदोष निघाली, पण विक्रेता म्हणतो 'तुमच्याकडे आल्यावर बिघडली'. पुरावा काय ठेवावा? आणि बॅटरी फुगलेली असेल तर कुरियरने परत पाठवावी का?

उत्तर: पुरावा पार्सल उघडण्याआधीच सुरू करावा लागतो. न थांबवता एकच व्हिडिओ घ्या: आधी पत्त्याची चिठ्ठी आणि सील सर्व बाजूंनी, मग कापणे, मग वस्तू बाहेर काढणे, सिरियल नंबर किंवा आयएमईआय जवळून, मग पहिल्यांदा सुरू करणे आणि पडद्यावर तोच क्रमांक दिसणे. मध्ये कॅमेरा बंद झाला तर बदलाबदली केल्याचा आरोप करायला जागा राहते, म्हणून मोबाइल एखाद्या स्टँडवर ठेवा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. खोका, आतला फेस आणि चिठ्ठी परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका. वस्तूवरचे हमीचे स्टिकर काढू नका.

दोष सापडला की त्याच दिवशी संकेतस्थळाच्या अधिकृत तक्रार पानावर नोंदवा आणि नेमके लिहा. 'फोन खराब आहे' असे लिहिले की उत्तर येते 'रीस्टार्ट करा'. 'जाहिरातीत बॅटरी किमान ८५ टक्के असे होते, यंत्र ७१ दाखवते, सोबत पडद्याचा फोटो' असे लिहिले की वाद वर्णनाचा होतो आणि तो जिंकणे सोपे जाते. जाहिरातीच्या पानाचा फोटो मागवतानाच काढून ठेवलेला असावा, कारण नंतर पान बदलते. विक्रेता 'आपण बाहेरच मिटवू, तक्रार मागे घ्या' म्हणाला तर पैसे खात्यात येईपर्यंत तक्रार उघडीच ठेवा. तुम्ही संकेतस्थळाबाहेर पैसे दिले असतील तर हे सगळे संरक्षण गेले. कार्डने भरले असतील तर बँकेकडे व्यवहार परत फिरवण्याची मागणी करता येते. त्याची मुदत बँकेला लगेच विचारा.

फुगलेली बॅटरी ही वेगळी बाब आहे. सदोष किंवा इजा झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई आहे, आणि साध्या पार्सलमध्ये तुम्हाला मार्ग निवडता येत नाही. दोष लपवून ती पार्सलमध्ये घालणे म्हणजे ती हाताळणाऱ्या प्रत्येकाला धोक्यात टाकणे. वस्तू बंद करा, चार्जरला लावू नका, फुगा दाबून किंवा टोचून पाहू नका. फरशीवर, कागद-कापडापासून दूर, उन्हाबाहेर ठेवा. मग विक्रेत्याला बाजूने काढलेले फोटो पाठवा, 'बॅटरी फुगली आहे' हे शब्द तक्रारीत स्पष्ट लिहा आणि ती नेण्याची व्यवस्था त्यालाच करायला सांगा. वस्तू न पाठवता पैसे परत मिळाले तर बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन फुगलेली आहे असे सांगून हातात द्या.